मुलीच्या वहीची पक्की प्रत

अर्जदार: मुलीचा बाप, वय वर्षे एक्कावन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, राहणार पापडी, तालुका वसई. जिच्याविषयी अर्ज: अर्जदाराची एकुलती एक मुलगी, घटनेच्या वेळी आठवीत. घटनेची तारीख: सहामाही परीक्षेनंतरचा दुसरा रविवार, दुपारचे जेवण झाल्यावर. साक्षीदार: मुलीची आई. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. गैरअर्जदार कोण, हे ठरवण्यास मला बरीच वर्षे लागली.

तालुक्याच्या कचेरीसमोर मी सव्वीस वर्षे टेबल मांडून बसतो. माझ्या हातचा अर्ज मजकुरातील दोषामुळे परत आल्याचे उदाहरण नाही, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. माझी रीत ठरलेली आहे. माणूस बोलतो, रडतो, मध्येच तिसऱ्याच भावाची गोष्ट काढतो. मी ते कच्चे उतरवून घेतो, मग पक्के करतो आणि पक्क्यावर सही झाली की कच्चा कागद त्याच्यासमोरच फाडतो. दोन मजकूर शिल्लक राहिले की वादाला तोंड फुटते.

आठवीत माझ्या मुलीचे काहीतरी बिनसले. सकाळी पोट दुखे. शाळेत गेलीच, तर पाठ केलेले ऐनवेळी आठवत नसे. नंदाखालला आत्याकडे जाताना जी पोर रिक्षात सबंध वाट बडबडत असे, वाटेतल्या प्रत्येक केळीच्या वाडीला स्वतः ठरवलेले नाव देत असे, ती जेवताना ताटाकडे पाहू लागली. त्याच सुमारास मुंबईच्या एका संस्थेची माणसे तिच्या शाळेत आली. वाढत्या वयातील मुलांचे मन, झोप आणि स्मरणशक्ती यांचा ती अभ्यास करीत होती. संमतीपत्रावर पालकांच्या सहीखाली मुलांचीही सही घेत. अल्पवयीन व्यक्तीच्या सहीला काय किंमत, असे मला त्यावेळी वाटले होते. प्रत्येक मुलाला एक वही दिली गेली. पंधरा दिवस, रोज मनात आले ते लिहायचे.

वही सोमवारी द्यायची होती. रविवारी मुलगी राजोडीला आजोळी गेली असता मी ती उघडली. पानोपानी खाडाखोड. अर्धी वाक्ये. एका पानावर नुसत्या रेघा.

मी नवी वही काढलेली पाहून पत्नी म्हणाली, "तिची वही हाय ती. तुमी कशाला हात लावता?"

"मुंबईचे डॉक्टर वाचणार आहेत. असला कागद मी शत्रूचासुद्धा दाखल करणार नाही."

"दाखल करायला कोन सांगतंय? ती काय जमिनीची केस हाय?"

मी नव्या वहीवर समास आखला. प्रत्येक दिवसाला अनुक्रमांक दिला. तिने लिहिले होते, "गेटाशी गेल्यावर पोटात कोणीतरी बाक सरकवला." त्याचे मी केले, "शाळेच्या प्रवेशद्वारापाशी मला अस्वस्थता जाणवते." शेवटी तिच्या नावापुढे 'करिता' लिहून मी सही केली. कच्ची वही फाडली. तुकडे पाणी तापवायच्या चुलीत गेले. मजकूर मला उत्कृष्ट वाटत होता.

संध्याकाळी ती आली. "जुनी कुठंय?"

"फाडली. ही पक्की झाली ना. वाचून दाखवू?"

तिने नवी वही हातात घेतली, न उघडता परत ठेवली. मग म्हणाली, "बरं," आणि पाय धुवायला मागे गेली.

त्या आठवड्यात मला शाळेत बोलावले. संस्थेतली एक तरुण मुलगी माझी वही पुढ्यात घेऊन बसली होती.

"काका, एवढं शुद्ध तर आमचे सरसुद्धा नाही लिहीत," ती हसून म्हणाली. मग हसणे थांबले. "पण तुमच्या मुलीची वही कुठाय?"

"आशय तिचाच आहे. भाषा तेवढी माझी."

"आम्हाला खाडाखोडच हवी असते, काका. ती कुठे थांबली, काय लिहून खोडलं. त्यावरून तर कळतं."

खाडाखोड हा दस्तऐवजाचा दोष आहे, हे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. वही अभ्यासातून वगळली गेली. मुलीला मात्र त्यांनी समुपदेशनासाठी बोलावले आणि वर्षभर तिची आई तिला घेऊन जात राहिली. हळूहळू ती सावरली. दोघी परतताना अंगणापासून त्यांचे बोलणे ऐकू येई. मी ओटीवर दिसलो की थांबे. त्या आवाजासाठी मी कचेरीवरून लवकर येऊ लागलो आणि दाराआड बसू लागलो, हेही येथे नमूद करतो.

आज ती नाशिकला वसतिगृहात राहून शिकते. फोनवर म्हणते, "बरं आहे, बाबा. जेवलात? आईला द्या." तिच्या बोलण्यात तक्रार नसते. मागितलेली प्रत्येक माहिती मिळते. न मागितलेले काही मिळत नाही.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ती काय बोलली त्याची नक्कल मिळावी, म्हणून मी संस्थेकडे अर्ज केला. दोन ओळींचे उत्तर आले: ती माहिती मुलीची आहे, तिने स्वतः मागितल्यास देता येईल. उत्तर नियमाला धरून होते. माझी पक्की प्रत मला आजही तोंडपाठ आहे. तिच्या पंधरा दिवसांतले बाकाचे ते एक वाक्य सोडले, तर दुसरे काही आठवत नाही. त्या रेघा उभ्या होत्या की आडव्या, तेसुद्धा नाही.

सबब, मुलीस विनंती की, त्या पंधरा दिवसांतले जे आठवत असेल ते, आणि आठवत नसल्यास हल्लीच्या कोणत्याही एका दिवसाविषयी, तिने अर्जदारास कळवावे. मजकूर अर्धवट असला तरी स्वीकारला जाईल. फोनवर सांगायचे झाल्यास अर्जदार मध्ये बोलणार नाही. मुदतीची अट नाही. अर्ज नामंजूर करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तसे असल्यास कारण देण्याची गरज नाही, परंतु नकार तिने स्वतःच्या शब्दांत द्यावा, ही विनंती.