लेवानचा डावा हात

मी भोरच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. राहते उत्रोलीला. भूत, करणी, बाहेरची बाधा — असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. सासूबाई मला त्यावरून बोलतातसुद्धा. त्यामुळे इथे काही लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण हे माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, पंधरा-वीस माणसांसमोर घडलंय... आणि मला कुणाला तरी सांगायचंय.

मागच्या नोव्हेंबरमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा एक गट आपल्याकडे आला होता. वेगवेगळ्या देशांतली मुलं एकत्र येऊन पारंपरिक औषधोपचारांचा अभ्यास करतात, एकमेकांना आपापल्या घरची माहिती सांगतात, असा तो एक्स्चेंज प्रोग्राम. भोर-वेल्ह्यातल्या झाडपाल्याची माहिती द्यायला आणि दुभाषी म्हणून मला बोलावलं. मुलं खूप गोड होती. जपानची मियू सतत मोबाईलवर शूटिंग करायची. जॉर्जियाचा लेवान म्हणजे उंचापुरा, कुस्ती खेळणारा गडी. त्याचे आजोबा गावात पैलवानांचे निखळलेले सांधे बसवायचे, म्हणून त्याला या विषयाची ओढ. त्या दिवशी सकाळीच नाश्त्याच्या आधी तो जांभळाच्या फांदीला लटकून पुलअप्स काढत होता आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवत होती. हे मुद्दाम सांगतेय. तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना काहीही झालेलं नव्हतं.

दुपारी आम्ही मार्गासनीच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीवर गेलो. तिथे अनसूयाकाकू राहतात. साठीच्या पुढच्या, अंगाने बारीक, हसतमुख. मुरगळलेला पाय, उतरलेला खांदा, मोडलेला हात — आसपासची माणसं आधी त्यांच्याकडे येतात. सुनेला नुकतंच बाळ झालेलं, त्यामुळे घरात शेक-शेगडी चालू. अंगणात भाताचे भारे रचलेले. काकूंनी सगळ्यांना गुळाचा चहा दिला, मियूच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "लई नाजूक हाय गं ही!"

मुलांनी विचारलं, हाड मोडलंय हे हाताला कसं कळतं? काकू म्हणाल्या, "एकानं या म्होरं, दावते." लेवान लगेच पुढे झाला. शर्टाची बाही वर सारून डावा हात त्याने काकूंच्या मांडीवर ठेवला.

काकूंनी तेल लावलं. कोपरापासून बोटं खाली सरकवत त्या सांगत होत्या, मी इंग्रजीत सांगत होते... आणि मधेच त्या थांबल्या. बोटं परत वर नेली, परत खाली आणली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"बाई, ह्येचा हात कदी मोडला?"

मी लेवानला विचारलं. तो हसला. "कधीच नाही."

"मोडलाय," काकू म्हणाल्या. "दोन्ही हाडं. हितं, मनगटाच्या वरती. इचारा त्याला, दुकत न्हाई का?"

लेवानने मूठ वळवून दाखवली, हात गोल फिरवला. मुलं हसायला लागली. काकूंनी माझा हात धरून त्या जागी ठेवला. मी नीट चाचपलं. सरळ, धडधाकट हात. मी तसं म्हटलंही.

"तुमाला कसं लागंना?" काकूंचा आवाज बदलला होता. "माज्या बोटाला टोक लागतंय हाडाचं... ह्ये बगा..."

त्यांना घाम फुटला होता. मला वाटलं, वय झालंय, इतकी माणसं समोर बघून गोंधळल्या असतील. मी विषय बदलायला गेले, पण त्यांनी लेवानचा हात सोडला नाही.

"आसं सोडून न्हाई धाडता येत मला. बांदू द्या. मग खुशाल सोडून टाका म्हनावं."

मी सांगितल्यावर लेवान म्हणाला, "बांधू दे त्यांना. माझ्या आजोबांना कुणी असा नकार दिला असता, तर ते फार दुखावले असते." काकूंनी पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधलं. सगळं मियूने शूट केलं. मुलांनी त्या बांधलेल्या हातासोबत फोटो काढले. आम्ही हसत-खिदळत निघालो. काकू मात्र दारातच बसून राहिल्या. निरोप द्यायलाही उठल्या नाहीत.

मार्गासनीला आमची मिनीबस चहासाठी थांबली. लेवान सगळ्यात शेवटी उतरत होता. पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि तो खाली आला तो थेट रस्त्याकडेच्या दगडावर. सगळा भार त्या बांधलेल्या डाव्या हातावर.

कट्ट... असा आवाज झाला.

ओली फांदी मोडावी तसा. मी ऐकला, मियूने ऐकला, टपरीवाल्याने ऐकला — त्याच्या हातातली किटली तशीच राहिली. मग सगळे धावलो.

लेवान उठून बसला होता. चेहरा पांढराफटक. आधी त्याने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, मोडला. आतून जाणवलं मला, पार दातापर्यंत." मग अगदी हळू म्हणाला, "पण दुखत नाहीये."

तो बोटं हलवत होता.

भोरला थेट हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कामट्या काढल्या, एक्स-रे काढला आणि मला आत बोलावून फिल्म दिव्यावर लावली. दोन्ही हाडं मोडलेली होती. मनगटाच्या वरती. काकूंनी बोट ठेवलं होतं तिथेच.

"कधी लागलं हे?"

"आत्ताच. तासाभरापूर्वी."

डॉक्टर वैतागले. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या ना? हे बघा, मोडलेल्या जागेभोवती नवीन हाड धरलंय. सूज नाही, काही नाही. हे फ्रॅक्चर महिना-दीड महिन्याचं आहे. कुणीतरी छान बसवलंय आणि ते आता भरून येतंय. खरं काय ते सांगा."

मी मियूला आत बोलावलं. तिने सकाळचा पुलअप्सचा व्हिडिओ दाखवला. मग काकूंचा. डॉक्टरांनी दोन्ही पाहिले, दुसरा परत एकदा पाहिला. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दुसरा एक्स-रे काढू." दुसऱ्यातही तेच. लेवानच्या आईला फोन लावला. त्याचा हात लहानपणापासून कधी मोडलेला नाही, हे तिने शपथेवर सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि आम्ही निघताना मला एवढंच म्हणाले, "हे मी केसपेपरवर कसं लिहू?"

मुलं आपापल्या देशी गेली. लेवानचा हात पूर्ण बरा झाला. तिकडच्या डॉक्टरांनीही फिल्म पाहून जुनं फ्रॅक्चर असंच सांगितलं.

गट गेल्यावर मी एकदा मुद्दाम वस्तीवर गेले. काकूंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, बघा, मी सांगत होते ना! पण त्या ऐकता ऐकता भिंतीला टेकल्या.

"म्हंजे... तवा मोडला नव्हता?"

"नाही काकू."

मग म्हणाल्या, "मला मोडल्याला लागला म्हनून म्या बांदला. येवढंच केलं म्या. ह्या हातानं आजवर किती हाडं बसवली, पन आसं कदी झालं न्हाई. बाई, तुमी शिकल्याल्या, तुमी सांगा ह्ये काय हाय?"

आतून बाळ रडायला लागलं. सून बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "त्या दिसापासनं ह्यांनी कुनाच्याच अंगाला हात लावला न्हाई. लोकं येत्यात आन् परत जात्यात. बाळाला तेल लावा म्हनलं तरी लावत न्हाईत. घेतसुदीक न्हाईत मांडीवर."

काकूंनी ते ऐकलं. "कशी लावू?" म्हणाल्या. "आन् काय लागलं बोटाला तर?"

त्यांच्या डोळ्यांतली भीती मी विसरू शकत नाही.

या गोष्टीचा मी खूप विचार केलाय. जुनं फ्रॅक्चर होतं म्हणावं, तर दोन्ही हाडं मोडलेला माणूस झाडाला लटकत नाही. पडल्यावर मोडलं म्हणावं, तर ते आधीच भरत कसं आलेलं? कुठूनही सुरुवात केली तरी हिशेब जुळत नाही. कुणाला जुळवता आला तर जरूर कळवा.

त्या दुसऱ्या भेटीत निघताना सवयीने मी काकूंचा हात हातात घ्यायला पुढे झाले. त्यांनी झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले.

खरं सांगते... मला सुटल्यासारखं वाटलं.