सिॲटलचा भाव आणि मार्सेलाचं टेबल

रविवारी चर्चमधून आल्यावर मार्सेला हुडाक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि मुलाच्या फोनची वाट बघायची. कोरी सिॲटलला, ती ओहायोतल्या यंगस्टाऊनला. मधे जवळजवळ अख्खा देश.

त्या रविवारी कोरी खुशीत होता. "मॉम, गंमत ऐक. दोन शहरांची नावं टाकली की कुठे राहायला किती खर्च येतो ते सांगणारं एक पान सापडलंय इंटरनेटवर. मी सिॲटल आणि यंगस्टाऊन टाकलं."

"मग? कोण जिंकलं?"

"तुझं घर विकलंस ना, तर इथे फार तर गाडी उभी करायला जागा मिळेल. आमच्या भाड्यात तिथे निम्मी गल्ली येईल. कसलं स्वस्त आहे गं ते गाव!"

मार्सेला हसली, पण 'स्वस्त' हा शब्द तिला टोचला. गाव स्वस्त कसं झालं, ते तिने पाहिलं होतं. ती शाळेत असताना पोलादाचा कारखाना बंद पडला आणि तिचे वडील भर दुपारी न उघडलेला डबा घेऊन घरी आले. मग गल्लीत एकेका दारासमोर सामानाचे ट्रक लागत गेले. मागे राहिलेल्यांनी एक गोष्ट पाळली, रिकाम्या घरापुढचं गवत वाढू द्यायचं नाही. शेजारच्या घरापुढे 'विकणे आहे'ची पाटी कधीची ऊन खात उभी होती. तिथलं गवत मार्सेलाच कापायची. आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवारी दोन अंगणं.

"ते राहू दे. तुझ्या नि जोसेलिनच्या लग्नाचं काय ठरलं?"

कोरीचा आवाज उतरला. "कोर्टात जाऊन सही करणार. इथे हॉल आणि जेवण म्हटलं तर सगळी शिल्लक जाईल."

"मग इथे करा."

"जोसेलिनच्या आईला काय सांगू? ही तिची एकुलती एक. ती म्हणते, माझ्या मुलीच्या लग्नातून लोक भरल्या हातांनी घरी गेले पाहिजेत. आणि मी सांगू, स्वस्तात पडतं म्हणून यंगस्टाऊनला चला?"

"स्वस्तात पडतं म्हणून नको सांगूस. आमच्याकडे टेबल असतं म्हणून सांग."

"मॉम, लग्नात अख्खी गल्ली घरी केलेल्या कुकीजचं टेबल मांडते, हे त्यांना कळायचं नाही."

"पाहिल्यावर कळेल. हॉलचं मी बघते. तू नवरी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बसच्या डेपोत तिने बर्निसला सांगितलं. दोघी वीस वर्षं शेजारशेजारच्या बसवर होत्या.

"कोरी? पोरगं किती वेळा ओकलंय माझ्या बसमध्ये!" बर्निस म्हणाली. "पीच कुकीज माझ्या. दुसऱ्या कुणी हात लावला तर बघून घेईन."

इथे लग्न निघालं की 'कुकीज करू का?' असं कुणी विचारत नाही. 'तू कुठल्या करतेयस?' एवढंच विचारतात, म्हणजे त्याच दोनदा नकोत. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या इटालियन बहिणींनी पिझेलचे, म्हणजे पातळ नक्षीदार बिस्किटांचे, साचे माळ्यावरून काढले होते. मार्सेलाने आजीच्या पद्धतीने अक्रोडाचं सारण भरून कोलाचीच्या गुंडाळ्या करायला घेतल्या. घरोघरचे फ्रीजर भरले. जागा करायला बर्निसच्या नवऱ्याने साठवलेलं हरणाचं मांस बाहेर निघालं आणि बिचारा आठवडाभर हरीणच खात राहिला.

लग्नाला आठवडा उरला असताना सिॲटलहून फोन आला. जोसेलिनची आई, नेनिता. जन्म फिलिपाइन्समधला, सिॲटलच्या इस्पितळात नर्स. बोलणं मऊ, मोजकं.

"मार्सेला, तुमच्याकडे कुकीजच असतात असं ऐकलं. मी तिथल्या एखाद्या बेकरीत चार प्रकारचं गोड सांगून ठेवते. सगळा भार तुमच्यावर नको."

फोन स्पीकरवर होता; टेबलाशी पीच कुकीज त्या फळासारख्या गुलाबी रंगवत बसलेल्या बर्निसचा हात थांबला. बेकरीतलं, आणि त्या टेबलावर! ज्या घरात करणारं कुणी उरलेलं नाही, तेच घर विकत आणतं.

मार्सेलाने बर्निसकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. "बेकरीत नका सांगू, नेनिता. तुमच्या हातचं आणा."

पलीकडून नेनिता म्हणाली, "माझ्या हातचं?"

"तुमच्याकडे काय करतात?"

"पोलवोरोन. पण ते अगदी साधं. भाजलेलं पीठ, दुधाची पावडर, साखर, लोणी."

"आमच्यात तरी दुसरं काय असतं?"

"किती आणू?"

"बॅगेत मावतील तेवढे."

फोन ठेवल्यावर बर्निस म्हणाली, "विहीणबाईंनाच कामाला लावलंस, मार्सी! आता टेबल जरा जरी रिकामं दिसलं ना, तर आपल्याला गाव सोडावं लागेल."

"सोडून गेले ते काय कमी आहेत? तू ब्रश चालव."

लग्नाच्या आदल्या दिवशी नेनिता उतरली ती दोन बॅगा घेऊन. दोन्हींत लाल, हिरव्या, पिवळ्या चकचकीत कागदात गुंडाळलेले पोलवोरोन. "तुम्हीच म्हणालात, मावतील तेवढे," ती म्हणाली. "माझे कपडे जोसेलिनच्या बॅगेत कोंबलेत."

चर्चच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबलं जोडलेली होती, वर सगळं झाकणारी पांढरी चादर. लग्न लागलं, टाळ्या झाल्या, आणि मार्सेलाने चादर ओढली.

तळहातावर मावणाऱ्या पीच कुकीज, प्रत्येकीला पुदिन्याचं पान. खिडकीच्या काचेवर हिवाची नक्षी उमटावी तशा पिझेल. साखरेच्या बर्फात बुडालेल्या कोलाची. परातीवर परात, मजल्यावर मजला, आणि बरोबर मधोमध नेनिताचे रंगीत पोलवोरोन, दिवे लावल्यासारखे.

सिॲटलचे पाहुणे सभ्यपणे एकेक कुकी उचलून बाजूला झाले.

"अहो, हे काय औषध आहे?" बर्निस ओरडली. "ते टोकाला रिकामे डबे कशाला ठेवलेत? भरा! घरी न्या! परत या!"

मग मात्र रांग लागली. नेनिता टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डबा भरत चालत गेली आणि परत आली. "हे कुणी केलं सगळं?"

मार्सेलाने हॉलकडे हात केला. एप्रन काढायला विसरलेल्या बायका, तिच्या बसमधून शाळेत गेलेल्या आणि आता लेकरं कडेवर घेतलेल्या मुली, चर्चमधले दोन म्हातारे.

"यांना किती द्यायचे?"

"बर्निसला विचारून बघा. लाटणं घेऊन मागे लागेल."

नेनिता एवढी मोठ्याने हसली की जोसेलिनने वळून पाहिलं. मग तिने उंच टाचांचे बूट काढून टेबलाखाली सरकवले आणि दुसरा डबा उघडला.

कोरीच्या एका मित्राने त्याला विचारलं, "सिॲटलला असं करायचं तर किती लागतील रे?" कोरी टेबलाकडे वळला. तो सिॲटलला गेल्यापासूनच्या बारा वर्षांत या गावाबद्दल मार्सेलाने त्याच्या तोंडून न ऐकलेला शब्द तिला तेव्हा ऐकू आला. "तिथे नाही होणार हे," तो म्हणाला. "हे आमच्या गावातलं आहे."

पुढच्या रविवारी फोन वाजला. "मॉम, नेनिता विचारतेय. पुढच्या वर्षी ती निवृत्त होतेय. रोज संध्याकाळी ते दोन शहरांचं पान उघडून बसते. तुझ्या शेजारचं घर अजून विकायचं आहे?"

मार्सेला स्टुलावरून उठून खिडकीशी गेली. पाटी तशीच उभी होती. भोवतीचं गवत तिने कालच कापलं होतं, कडेपर्यंत, सरळ.

"आहे की," ती म्हणाली. "तिला सांग, ओव्हन जुना आहे. पण दोन मोठे ट्रे एकदम मावतात."