मोहाच्या झाडावरचा फोन

नागपूरहून नागभीडला जाणारी छोटी गाडी इतकी सावकाश चालते, की रुळांशेजारी मोहफुलं वेचणाऱ्या बायकांच्या टोपल्या कितपत भरल्यात तेही खिडकीतून दिसतं. मार्चचा महिना होता. डब्यात तांदळाची पोती होती, दोन शेळ्या होत्या आणि माझ्या मांडीवर कॉलेजचा लॅपटॉप होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, पेटीत का हाये?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्यानं मान हलवली आणि शेळीला त्या पेटीपासून जरा लांब ओढलं. मला हायसं वाटलं.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तेव्हा पंचेचाळिशीत होते. लोकांशी बोलायचं तर वही, पेन आणि कपभर चहा एवढी सामग्री मला पुरत असे. पण मोबाइल हातोहाती दिसू लागले होते, आणि 'डिजिटल एथ्नोग्राफी' नावाची नवी अभ्यासपद्धत आल्याचं आमच्या प्राचार्यांच्या कानावर गेलं होतं. मोबाइल, कॅमेरा, इंटरनेट यांच्यासोबत माणसं कशी जगतात, हे त्यांच्यात राहून, बघून लिहायचं, असा तिचा साधा अर्थ. दहा दिवसांचं प्रशिक्षण, तेही वर्गात नाही, गावात. विभागातल्या बाकी सगळ्यांना परीक्षेची कामं होती. मी ती चुकवण्यात हुशार, म्हणून नाव माझं गेलं.

नागभीडला गाडी बदलून सिंदेवाहीला उतरले. भाताच्या कापणीनंतरची मोकळी शेतं, मधूनमधून पळसाची लाल झाडं आणि पलीकडे जंगलाची काळी रेघ. प्रशिक्षणाला आम्ही आठ जण होतो. शिकवणाऱ्या वैजयंतीबाई किडकिडीत, आखूड केसांच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. बघा, विचारा, लिहा. आणि जे चालू आहे त्यात हात घालू नका. मग कामं वाटली. दोघांना चंद्रपूरचं नेट कॅफे मिळालं, एकाला गाण्यांच्या सीड्यांचं दुकान. मला म्हणाल्या, "तुम्हाला एक फोन."

"एकच?"

"एकच. पण अर्धं गाव त्याच्यावर अवलंबून आहे."

तो फोन विकला होता सिंदेवाहीच्या रफीकभाईंनी. बाजारपेठेत त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं हातभर रुंदीचं दुकान. तेच मला जीपमध्ये बसवायला आले. "मॅडम, उधर आपका फोन नहीं चलेगा. एकाच कंपनीचं टॉवर पकडते, तेबी फक्त तलावाच्या पाळीवर," असं सांगून त्यांनी ड्रायव्हरला माझी पेटी सीटमागे नीट ठेवायला लावली.

गाव तलावाच्या कुशीत होतं. पाळ (तलावाचा मातीचा बांध) घरांहून उंच, आणि पाळीवर एक जुनं मोहाचं झाड. त्याच्या फांदीला मासे ठेवायची बांबूची टोपली टांगलेली, आणि टोपलीत फोन. खाली दशरथभाऊ बसलेले. तलावातल्या मासळीची राखण हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. फोनची राखण त्यातच येऊन मिसळली होती.

त्यांनी सगळी रीत पहिल्याच संध्याकाळी समजावली. गावातले बरेच ढिवर (मासेमारी करणारे) आणि मजूर मिरची तोडायला सिरोंच्यापलीकडे, गोदावरी ओलांडून आंध्रात गेलेले. दिवस बुडता बुडता ते तिकडच्या दुकानांतून इकडे फोन वाजवत. फोन कुणी उचलत नसे. प्रत्येक घराच्या रिंगा ठरलेल्या. दोन वाजून थांबल्या तर परसराम, तीन वाजल्या तर गोविंदा, चार वाजल्या तर पलीकडच्या टोल्यावरचे (वस्तीवरचे) दोघं भाऊ. रिंग आली म्हणजे माणूस खुशाल. दशरथभाऊ रिंगा मोजत आणि अंधार पडायच्या आत घरोघर सांगून येत.

"आणि दोघांच्या रिंगा एकाच वेळी आल्या तर?" मी हुशारीनं विचारलं.

"येक वाजून राह्यला तं दुसऱ्याचा लागन कसा, बाई?" ते शांतपणे म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं.

राहायला मी परसरामच्या घरी होते. त्याची बायको नीरा, दिवस अगदी भरत आलेले. घरात तिची सासू आणि ती. पहिलं बाळंतपण वाया गेलं होतं, हे सासूनंच मला चुलीशी बसल्या बसल्या सांगितलं. म्हणून या खेपेला नीराला मिरचीवर नेलं नव्हतं. जेवायला लुचई तांदळाचा भात आणि मरळीचा झणझणीत रस्सा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं नीरा हसली. "हे तं काईच नाई, बाई. मिरची तोडून आल्यावर त्यायचे हात पाहजो. आठ दिवस कोनाले हात लावू देत नाई मी."

लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी बंद पडला. लोडशेडिंगमध्ये त्याला पुरेल इतकी वीज गावात येतच नव्हती. डिजिटल एथ्नोग्राफी मी पुन्हा वहीत करू लागले आणि, खरं सांगायचं तर, सुखावले. चार दिवसांत माझ्याकडे तक्ता झाला. कोणाच्या किती रिंगा, किती वाजता, निरोप घरी पोचायला किती वेळ. रोज संध्याकाळी नीरा दारात उभी राही, दशरथभाऊ पाळीवरूनच दोन बोटं वर करत, आणि ती आत जाऊन तांदूळ वैरी. एक दिवस दोन बोटं वर झाली नाहीत. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी रिंगा आल्या. दुकान बंद होतं, एवढंच असावं.

पाचव्या संध्याकाळी म्हशी तलावात लावलेल्या जाळ्यात शिरल्या. दशरथभाऊ काठी घेऊन धावले. जाताना म्हणाले, "बाई, रिंगा मोजजो."

फोन वाजला. एक. दोन. यावेळी तिसरीही वाजली. दुकानदार बोलत उभा असेल, परसरामनं ठेवायला जरा उशीर केला असेल, काहीही असेल. पडद्यावर नंबर तोच होता, दोन रिंगांचा. आणि मला वाटलं, महिनाभर ज्याचा आवाज नीरानं ऐकला नाही तो माणूस या क्षणी तारेच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. हे झालं माझं चांगलं कारण. दुसरं कारण असं, की तक्त्यात रिंगा भरून मी कंटाळले होते आणि मला संभाषण हवं होतं. मी फोन उचलला.

"हॅलो," मी म्हटलं. "परसराम का? एक मिनिट थांबा हं, नीराताईंबद्दल जरा बोलायचं होतं."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग "का झालं?" आणि फोन कटला.

दशरथभाऊ ओल्या धोतरानं पाळीवर चढत होते. माझ्या हातात फोन बघून ते जागच्या जागी थांबले. ओरडले नाहीत. "उचलला?" एवढंच विचारलं. मग टेकून बसले आणि म्हणाले, "उचलला म्हंजे घरी इपरीत झालं, बाई. तवाच उचलतो आमी. दोन सालापासून येकडाव उचलला होता. गोविंदाची माय गेली तवा."

मी रिंगांबद्दल दहा प्रश्न विचारले होते. उचललं तर काय होतं, हा अकरावा विचारला नव्हता. आजवर मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. त्या फोनवरून लावायची सोय नव्हती, बॅलन्स कधीचाच संपलेला. नुसते येणारे फोन चालू होते. आम्ही झाडाखाली बसून राहिलो, पण दोन रिंगांचा फोन पुन्हा आला नाही.

नीराला मीच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "मंग येईन तो आता. थांबनार नाई." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. सासूनं मात्र माझ्या पुढ्यातलं ताट उचलताना भांडं जरा जोरात आपटलं.

सकाळी पहिल्या जीपनं मी रफीकभाईंकडे गेले. त्यांनी माझ्या वहीतला तो नंबर लावला. तिकडचा दुकानदार तेलुगूत बोलला. रफीकभाईंची सासुरवाड सिरोंच्याची, त्यांना तेवढं कळत होतं. "वेळ्ळिपोयाडु बोलतो. म्हंजे निकल गया. कल रातकोच."

वैजयंतीबाई तिथंच सिंदेवाहीत होत्या. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी तक्ता वाचला, त्या संध्याकाळचं पान वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. "गावात परत जा," त्या म्हणाल्या. "तो येईल तेव्हा तुम्ही तिथं असायला हवं." प्रशिक्षणातली ही एकच गोष्ट मी मनाविरुद्ध केली, आणि तीच करण्यासारखी होती.

परसराम दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डोंग्यातून (लाकडी होडीतून) नदी, मग मिरचीचा ट्रक, मग बस, आणि शेवटचा रस्ता जंगलातून पायी. मी नीरासोबत दारात होते. तिला धडधाकट उभी बघून तो अंगणातच थबकला. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, तळवे लाल, सुजलेले.

"हायेस ना?" त्यानं विचारलं.

"मले का धाड भरली?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.

तो जवळ येईना. हातांची आग तिला लागेल म्हणून. सासूनं बादली आणली, ताक आणलं, तो हात बुडवून बसला. मी समोर जाऊन म्हटलं, "फोन मी उचलला होता. चूक माझी."

त्यानं वर पाहिलं. "तुमीच का त्या? मले वाटलं दवाखान्यातल्या बाई. बहुत गोड बोलल्या तुमी. वाईट सांगाचं असलं का दवाखान्यातले लोक तसेच बोलतेत."

मी विचारलं, परत जाता येईल का. तो म्हणाला, टोळीत एव्हाना दुसरा माणूस घेतला असेल. मिरचीचे शेवटचे दिवस, जागा कोण रिकामी ठेवतं? मग बराच वेळ ताकातले हात चोळत राहिला. "पावसाळ्यापर्यंत मासोळीवर काढू," तो आईला म्हणाला. मी भरपाईची गोष्ट काढली तर दशरथभाऊंनीच थांबवलं. "ते राहू द्या, बाई. वहीत लिवा, का उचलाचा नसते. मांगून येनाऱ्याले तरी समजन."

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापलं काम मांडलं. नेट कॅफेवाल्यांकडे फोटो होते, सीडीवाल्याकडे गाण्यांची यादी. मी तक्ता दाखवला आणि त्याखाली तिसऱ्या रिंगेची हकिकत जशीच्या तशी वाचली. वैजयंतीबाईंनी तेवढं पान मागून घेतलं.

त्या सकाळी गावातून निघताना परसराम जीपपर्यंत आला होता. हातांची लाली जरा उतरली होती. माझा नंबर त्यानं रफीकभाईंच्या दुकानाच्या कार्डावर लिहून घेतला. "हिचं बाळंतपन झालं का रफीकभाईकडून वाजवतो. सगळं बरं असलं तं दोन. मंग उचलू नोका."

"आणि नसलं तर?"

"तं वाजतच राहीन."

साताऱ्याला परतले, परीक्षेची कामं अखेर माझ्याच गळ्यात पडली. प्राचार्यांना अहवाल दिला. त्यांना त्यात लॅपटॉपचा उल्लेख फार कमी वाटला. फोन मी वर्गातही चालू ठेवू लागले. शिपायापासून सगळे हसत होते. अठराव्या दिवशी, संध्याकाळी घरी पेपर तपासताना, टेबलावरचा फोन वाजला. सिंदेवाहीचा नंबर. एक. दोन. माझा हात आपोआप पुढे गेला होता, तो मी दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला. तिसरी रिंग आली नाही. मी उठून तांदूळ वैरले.