वैजनाथरावांच्या टॉवेलातला चाकू

सोनारीत सीताफळाची कलमं कुणी बांधावीत, तर कडूबाईनं. साठी उलटली तरी तिचा हात थरथरत नव्हता आणि जीभ तर मुळीच नाही. कलमाच्या निमित्तानं तिला मिटायच्या चाकूंचा नाद लागला. भैरोबाच्या जत्रेत दुसऱ्या बाया बांगड्यांच्या दुकानापुढं थांबत; कडूबाई चाकूवाल्यापुढं बसून एकेक चाकू उघडी, पात्याची पाठ दगडावर दाबून बघी आणि पातं अडकवून धरणारा खटका सैल असला की चाकूवाल्याला चार माणसांत तसं सांगून मोकळी होई.

तिचं मत पक्कं होतं. खटक्याचा चाकू आळशी माणसाचा. पातं अडकून बसलंय म्हटलं की हात बेसावध होतो. आतल्या कमानीच्या नुसत्या ताणावर पातं धरणारा, बिनखटक्याचा चाकूच खरा; तो माणसाला जागं ठेवतो. नवरा कोंडीराम यावर कधी बोलत नसे. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, त्याला जागं राहायची सवय झाली होती.

नातीला, शिवांजलीला बघायला मुरुमहून पाहुणे आले. मुलगा कुलदीप आणि त्याचे वडील वैजनाथराव. वैजनाथरावांची बाजारात धान्याची अडत, गळ्यात पांढराशुभ्र टॉवेल, आणि बोलणं असं की समोरच्यानं फक्त मान हलवावी. अंगणात पेरू आले तसं त्यांनी खिशातून आपला चाकू काढला. पाठीवर खटका होता. तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाही, हे त्यांनी सगळ्यांना करून दाखवलं. मग कडूबाईला म्हणाले, "मावशी, असा चाकू तुमच्याकडं बघायला मिळायचा न्हाय."

कडूबाई गोड हसली. कनवटीचा रोजचा चाकू तसाच ठेवून तिनं आतून जत्रेतला, फडक्यात गुंडाळलेला दुसरा चाकू आणला आणि म्हणाली, "आमचा गावठी बी बघा, पाव्हणं."

वैजनाथरावांनी पातं उघडलं, पेरू कापला, तोंडभर वाखाणणी केली आणि चाकू मिटायला गेले. मिटेना. पाठीवर खटका शोधला, तिथं नव्हता. मूठ दाबली, उलटी केली, पुन्हा दाबली. कसा मिटतो हे विचारायचं म्हणजे आत्ताच मारलेल्या फुशारक्या गिळायच्या. त्यांनी हळूच उघडा चाकू धरलेला उजवा हात टॉवेलाखाली मांडीवर घेतला आणि पावसापाण्याचं बोलायला लागले.

कडूबाईनं हे सगळं पाहिलं होतं. तिला तर पर्वणीच. चहा आला, तिनं कपाबरोबर बशीही देऊ केली. वैजनाथरावांनी डाव्या हातानं नुसता कप घेतला. तिनं पान पुढं केलं, तेही डाव्या हातानं. ऊन लई हाय, टॉवेल काढून ठेवा, असा आग्रह केला; त्यांनी टॉवेल आणखी आवळून धरला. शेवटी ती देवाचा अंगारा घेऊन आली. अंगारा डाव्या हातावर कसा घ्यायचा? वैजनाथरावांच्या कपाळावर घाम आला. शिवांजलीनं पदर तोंडाला लावला, ती लाजली म्हणून नव्हे.

तेवढ्यात कुलदीप उठून कडूबाईजवळ आला आणि सरळ म्हणाला, "आजी, बाबांच्या टॉवेलात चाकू उघडाच हाय. मिटायचा कसा तेवढं सांगा."

मग कोंडीराम हसला, त्याच्यामागून वैजनाथराव स्वतःच हसले आणि त्यांनी चाकू बाहेर काढला. कडूबाईनं दाखवलं: मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते, ती पात्याच्या बुडाशी येऊन बसते, अंगठ्यानं ती बाजूला सारली की पातं मिटतं. कुलदीपनं दोनदा करून पाहिलं.

इथंच थांबली असती तर बरं. पण कडूबाईला आता रंग चढला. कनवटीचा बिनखटक्याचा चाकू काढून ती म्हणाली, हा खरा, ह्याला कसला अडसर न्हाय, आणि वैजनाथरावांचा चेहरा आठवून तिला पुन्हा हसू फुटलं. हसता हसता पात्याचं टोक पेरूच्या देठावर दाबलं गेलं आणि पातं फटकन मिटलं ते तिच्या बोटावर.

वैजनाथरावांनी कडूबाईचा हात धरला, हळद मागवली आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलाची कड फाडून पट्टी बांधली. बांधताना ते एवढंच म्हणाले, "मावशी, खटका वाईट न्हाय."

"आज तुमचं खरं," कडूबाई म्हणाली. तिच्या तोंडून असं कुणाला ऐकायला मिळालं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर शिवांजलीला विचारलं. ज्याला चारचौघांत विचारायची लाज वाटत नाही, त्याच्याशी जमेल, असं ती म्हणाली. सुपारी फुटली.

बोट भरून येईपर्यंत कडूबाईच्या हातात कुणी चाकू दिला नाही. कोंडीराम विळीवर कांदा चिरायचा, ती खाटेवर बसून त्याला जाड झाला, बारीक झाला असं सांगायची. एकदा तो म्हणाला की बोट बरं व्हायची काही घाई नाही, घर कसं शांत आहे. ते तिनं ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडून कलमं बांधायला गेली.