न मागितलेली मतं

"मी उभीच नव्हते, रेझिस. मग ही मतं आली कुठून?"

"लोकांनी हातानं नाव लिहिलं, बाई. कायद्यात बसतं ते."

"कायदा मला नको शिकवूस. तुझ्या उमेदवारांच्या यादीत एक जागा रिकामी कुणी सोडली होती?"

रेझिस समोरचे कागद सारखे करू लागला. आमच्या मोंतार्जू गावचा हा सुतार, त्याला जाब विचारणाऱ्या सोलांजचा जुना उपसरपंच. मतपत्रिकेवरचं नको ते नाव खोडून शेजारी हवं ते लिहायचं, ही आमच्याकडची सवयच. त्यात कुणाचा राग निघायचा, कुणाची चेष्टा व्हायची. गेल्या रविवारी मात्र सोलांज बुर्दे निवडून आली, तीही सगळ्यांत जास्त मतांनी. आणि आज आम्ही नवे सदस्य सरपंच निवडायला जमलो होतो.

शेळ्या राखत, चीज करत या बाईनं सरपंच म्हणून गाव सांभाळलं. लग्नं लावली, मोकाट कुत्री धरली, पाण्यावरून भांडणाऱ्या भावांच्या मध्ये उभी राहिली. शाळा बंद पडली तेव्हा पोरांना स्वतःच्या गाडीतून शेजारच्या गावी न्यायची. गाडीत शेळ्यांचा वास, पोरं नाक धरून बसायची. नवऱ्याला पुरून कबरीपासून वळते न वळते तोच कुणीतरी विचारलं, गल्लीतला दिवा कधी लागणार? मंगळवारी, असं तिनं तिथंच सांगितलं होतं.

यंदा नव्या वर्षाच्या मेजवानीत ती म्हणाली, पुरे झालं. शेळ्या विकल्या, रॉयां गावी समुद्राकाठी बहिणीकडे खोली ठरवली. आम्ही टाळ्या वाजवल्या, काही जणी रडल्यासुद्धा. मग घरी जाऊन प्रत्येकानं एकच विचार केला: हे सरपंचपद आपल्या गळ्यात पडायला नको.

"गावानं प्रेमानं लिहिलंय हो," रेझिस म्हणाला.

"प्रेमानं नाही, आळसानं. तू हो ना सरपंच."

"मी? वरच्या कचेरीत मला नळ दुरुस्त करायला आलेला समजतात."

"मग नळ दुरुस्त करून ये. तेवढीच ओळख वाढेल."

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. खुर्चीत बसून तिनं डोळे मिटले, आणि त्या क्षणी ती फार म्हातारी दिसली.

"सकाळी उठल्यावर मला कुणाचं काही करायचं नाहीये रे," ती हळूच म्हणाली. "एवढंच हवंय."

तेवढ्यात दार ढकलून गावातल्या तिबोबाई आत आल्या. आत काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आमच्या सगळ्यांना ओलांडून त्या थेट सोलांजपाशी गेल्या.

"सोलांज, धुण्याच्या हौदाचं पाणी रस्त्यावर आलंय. कोण बघणार?"

आम्ही सगळे सोलांजकडे बघू लागलो. रेझिससुद्धा.

ती उठली. कोटाची बटणं लावली, तिबोबाईंच्या खांद्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडली. हौद डावीकडे होता. ती उजवीकडे वळली, जिथं तिची गाडी सामान भरून उभी होती.