पाइपाच्या पलीकडचा माणूस

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचायचे आणि अर्ध्यावर हसून नवऱ्याला वाचून दाखवायचे. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आवाज आला तर बेअरिंग बघायचं, जळका वास आला तर बेल्ट बघायचा, मला एवढंच कळतं. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे यानं थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

आम्ही भिलाईचे. बाबा भंडाऱ्याकडून येऊन स्टील प्लांटमध्ये लागले, माझं लहानपण मरोद्यात गेलं, लग्नानंतर जुनवानीत आले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मी शहराबाहेरच्या एका मोठ्या राइस मिलमध्ये मेंटेनन्स बघते. मिलचं नाव लिहीत नाही.

आमच्याकडे धानाचा भुसा कोणी डोक्यावर वाहत नाही. ब्लोअर लावला की भुसा पाइपातून हवेच्या जोरावर उडत जातो आणि बॉयलरजवळच्या बिनमध्ये पडतो. बिन म्हणजे पत्र्याची उंच, गोल कोठी. वरून भुसा पडतो, खालून बॉयलरला जातो. कधीकधी तो आत कमान धरतो. म्हणजे वरून बघाल तर बिन भरलेली, आणि मधे पोकळ. वरच्या भुशावर वजन पडलं की सगळं खाली बसतं.

त्या दिवशी तेच झालं होतं. सीझन जोरात होता. मीटर सांगत होता बिन भरली आहे, आणि बॉयलरवाला ओरडत होता की भुसा येत नाही. सकाळची वेळ, छान ऊन होतं. मी ब्लोअर बंद करवला, स्विचला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. कमरेला बेल्ट बांधला, दोर रामाधारच्या हातात दिला. रामाधार आमचा जुना हेल्पर, इथलाच छत्तीसगढी. मला फक्त वरच्या झाकणातून आतल्या शिडीवर दोन पायऱ्या उतरून बांबूनं कमान फोडायची होती.

शिडीचा बोल्ट भिंतीतून निघाला.

पडले ते कळलंच नाही. पायाखाली काही नव्हतं, आणि मग चारी बाजूंनी भुसा माझ्यावर आला. थांबला तेव्हा मी छातीपर्यंत गाडलेली. एक हात वर, दुसरा आत. वर झाकणाएवढं गोल आभाळ आणि त्यात रामाधारचं डोकं.

भुसा हलका असतो, हातात घ्या, फुंकला तर उडतो. पण त्यात माणूस फसला की तो सिमेंटसारखा धरतो. रामाधारनं दोर ओढला तेव्हा कमरेतून दोन तुकडे होतील असं वाटलं. मी ओरडले, "मत खींच! बस पकड़ के रख!" दोरामुळे मी आणखी खाली जात नव्हते, एवढंच. बाहेरून पत्रा गॅसनं कापायचा तर ठिणगी, आणि आत भुशाची धूळ. सगळी बिन पेटली असती. एकच रस्ता होता, खालचं दार उघडून माणसांनी फावड्यानं भुसा काढत राहायचं. म्हणजे वेळ लागणार.

आणि भिंतींना चिकटलेला भुसा सुटून सुटून माझ्यावर येत होता. छातीवरून खांद्यावर, खांद्यावरून हनुवटीपर्यंत. श्वास सोडला की छाती जेवढी आत जायची तेवढ्या जागेत भुसा भरायचा, पुढचा श्वास आधीपेक्षा लहान. नाकात धूळ. मी रडत नव्हते, रडायलासुद्धा हवा लागते.

तेव्हा उजव्या गालावर वारा लागला.

माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर भिंतीत एका पाइपाचं तोंड होतं. ती जुनी लाइन. नवी लाइन टाकली तेव्हा ती बाहेरून भिंतीपासून हातभर अंतरावर कापली होती आणि तिच्यावर प्लेट वेल्ड केली होती. मीच करवून घेतली होती. त्या पाइपातून हवा येत होती. जरा वेळ यायची, थांबायची, मग उलटी आत ओढली जायची. गालावरचा भुसा पाइपाकडे सरकायचा. पुन्हा यायची... गरम, ओलसर.

ब्लोअर असा चालत नाही. असा माणूस श्वास घेतो.

मी तोंड वळवून पाइपाच्या तोंडाशी नेलं. पलीकडून कोणी तरी खोकलं.

"कोन आहे?" मी विचारलं.

"मी बी फसलो ना बाप्पा," आवाज आला. तरुण, घोगरा. "भुशात फसलो. गयापर्यंत, मानेपर्यंत आला. तुमी कुठी आहा?"

मिलमध्ये मराठी बोलणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पण त्या वेळी तो विचार मनात आलाच नाही. वाटलं, कोणी तरी आहे. बस.

"मी बी बिनमधीच आहे, भाऊ. तुम्ही कधी पडले?"

"आत्ताच. जेवाले जायच्या पयले." तो थांबला, खोकला. "बाई, तुमची हवा येऊन राहिली इकडे. तोंड तिथून काहाडू नका. बरं वाटून राहिलं."

मला त्याची हवा मिळत होती, आणि तो म्हणत होता त्याला माझी मिळते आहे.

मग आम्ही बोलत राहिलो. म्हणजे एक वाक्य, मग श्वास, मग एक वाक्य. मी त्याला सांगितलं, हात वर ठेवा, हलू नका. तो म्हणाला, "पोरगी शाळेतून आली अशीन. दारात बसते ते. मी येईपर्यंत जेवत नाई." मी म्हटलं, काढतीन आपल्याला, माणसं लागली आहेत. तो म्हणाला, "तुमच्या इकडे लागली अशीन. माह्या इकडे कोनी नाई आलं अजून."

किती वेळ गेला मला माहीत नाही. भुसा हळूहळू खाली बसू लागला. हनुवटी मोकळी झाली, मग खांदे. वरून रामाधार ओरडला, "मैडम, अब खींचत हन!" आणि मला कळलं की मी वर गेले की माझं तोंड पाइपापासून दूर जाणार.

"भाऊ, मले ओढून राहिले," मी म्हटलं. "मी निघाली का तुमच्यासाठी माणसं पाठवतो."

त्याचा एक श्वास आला, एक गेला. मग तो म्हणाला, "हाव. निंगा तुमी. पण लौकर पाठवजा, बाई."

मला ओढून काढलं. बाहेर आल्याबरोबर मी पहिलं काय केलं असेल, तर पाइपाच्या बाहेरच्या बाजूला धावले. धावले काय, पडले आणि रांगत गेले. "उधर आदमी है! प्लेट काटो!" लोक मला धरून पाणी पाजत होते. रामाधार म्हणाला, "मैडम, ओ पाइप तो कहूँ नइ जाय." भिंतीबाहेर हातभर लांब पाइपाचा तुकडा, त्याच्या तोंडावर प्लेट, आणि पुढे मोकळं आवार. तिथे एक सायकल उभी होती.

मी ऐकलं नाही. मॅनेजर वैतागला, पण बिन पूर्ण रिकामी करवून, धुऊन, दुसऱ्या दिवशी मी ती प्लेट ग्राइंडरनं काढायला लावली. आत कोणी असणार नव्हतंच. पण पाइप कोरडा होता, धुतानाचं पाणी त्यात पोचलंच नव्हतं, आणि तरी तो आतून स्वच्छ होता. भुशाचा कणसुद्धा नाही. त्याच्या आजूबाजूच्या पत्र्यावर जुनी धूळ बोटभर जाड होती, पाण्यानंसुद्धा निघाली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी झाला की मेंदू असे आवाज ऐकवतो. मला पटलं. सगळ्यांना विचारून झालं होतं, या मिलमध्ये बिनमध्ये पडून कधी कोणी मेलेलं नाही. माझ्याआधी कोणी पडलंसुद्धा नव्हतं. फक्त रामाधार एकदा चहा पिताना हळूच म्हणाला, "मैडम, साहब ला नइ बतायेंव... फेर खाँसी दू झन के रिहिस." खोकणारे दोघं होते.

तरी मी ते बाजूला ठेवलं. त्या बिनच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि कामाला लागले.

मागच्या सीझनला ठेकेदारानं नवीन फिटर पाठवले. मी टेबलाशी मान खाली घालून काही लिहीत होते. एक जण समोर येऊन म्हणाला, "मॅडम, तुमी मराठी आहा म्हने. मी साकोलीकडचा, होमराज. उंचावरचं काम बी येते मले."

मी मान वर केली. तो घोगरा आवाज, 'बी' म्हणताना असाच किंचित अडखळणारा... मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण आवाज पाइपाशी तोंड लावून ऐकला होता.

"कधी आमच्या बिनमध्ये काम केलं का?" मी विचारलं.

"नाई जी. भिलाईत पयल्यांदाच आलो."

"पोरगी कितवीत आहे?"

तो गोंधळून हसला. "पोरगी कुठली मॅडम, आता तं लगन जमलं."

मी त्याला काम नाही म्हणून परत पाठवलं. तो गेटपर्यंत गेला, आणि मला वाटलं, हा दुसऱ्या मिलमध्ये जाईल. तिथेही बिन असेल, आणि तिथे जाळी नसेल. मी वॉचमनला फोन करून त्याला परत बोलावलं आणि पॅकिंगला ठेवलं. पोती शिवायची, जमिनीवरचं काम.

तेव्हापासून मी ही मिल सोडायला तयार नाही. नवऱ्याला रायपूरला चांगली नोकरी मिळत होती, मी नको म्हटलं. कारण सांगता आलं नाही, आणि त्यावरून आमच्यात अजून धुसफूस होते. सुट्टी घेतली तरी दुपारी रामाधारला फोन करून विचारते, होमराज कुठे आहे. होमराजचं लग्न झालं. तो हुशार आहे, माझ्या इतर फिटरांपेक्षा हात चांगला आहे त्याचा, आणि त्याला पोती शिवायला लावल्याबद्दल तो माझ्यावर मनातून चिडलेला आहे. परवा सगळ्यांसमोर त्यानं विचारलंच.

"मॅडम, सगळ्याईले वर पाठवता. मले कावून नाई जाऊ देत?"

मी म्हटलं, "तुला भुशाची ॲलर्जी आहे."

"मले? कधी झाली?"

मी त्याला पॅकिंगला परत पाठवलं. जे घडलं ते घडून गेलेलं होतं की अजून घडायचं आहे, हे मलाच कळत नाही. मी त्याला वाचवते आहे, की फक्त अडकवून ठेवलं आहे, तेही नाही. इथे कोणाला असं काही माहीत असेल तर सांगा. आज होमराज पेढे घेऊन आला होता. मुलगी झाली.