ब्लाउजची मापं आणि तीन अँटिव्हायरस

आमच्या घरचा कॉम्प्युटर मी एकट्याने, कुणालाही न विचारता सुरक्षित केला आणि तो ठप्प झाला.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. माझी बायको महानंदा औरादमध्ये ब्लाउज शिवते. शिवते म्हणजे कशी, तर उदगीरचे नावाजलेले टेलरही तिच्या शिलाईत खोट काढू शकत नाहीत! मापांची वही उंदरांनी कुरतडली, तेव्हा ही बाई स्वतः कॉम्प्युटर शिकली आणि अर्ध्या गावातल्या बायकांची मापं तिने त्यात भरली. ही मापं बाहेर फुटली असती, तर आम्हाला रातोरात गाव सोडावं लागलं असतं.

“मशीनला व्हायरस लागतो म्हणं,” ती म्हणाली.

“मी बघतो ना!” (मी शाळेत मास्तर. मास्तराने कुणाला काही विचारायचं नसतं.)

बातमी पाहुण्यांत गेली. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बीदरहून अँटिव्हायरसची सीडी आणली. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, दाजींनी, हैदराबादहून दुसऱ्याच अँटिव्हायरसची पाठवली. तिसरी मी आधीच उदगीरला घेऊन ठेवली होती. आता आमच्याकडे आहेर नाकारत नाहीत. एकाची सीडी वापरून दुसऱ्याची तशीच ठेवली, तर तो पुढच्या लग्नात फेटा बांधून घेत नाही! मी तिन्ही चढवल्या.

“तिन्ही कामून बसवायलाव?”

“एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा राहील.”

“आन् तिघं भांडले तर?”

“कॉम्प्युटरात कोण भांडतंय गं!”

भांडले. पहिल्याने दुसऱ्याला चोर ठरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा मला इंग्रजीत काहीतरी विचारायचा आणि मी न वाचता ‘होय’ दाबायचो. बटण दाबून मी आंघोळ करायचो, जेवायचो, शाळेत जाऊन यायचो, तरी मशीन आपलं घरघरतच! चौथ्या दिवशी मात्र तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. घरातला खरा चोर म्हणजे महानंदाची मापांची फाइल. ती गायब झाली! आणि आठ दिवसांवर गावात एक लग्न, नवरीकडचे अकरा ब्लाउज शिवायचे.

मी पहिली बस धरून उदगीर गाठलं. दुकानदार म्हणाला, “सगळं पुसून नव्यानं भरा, मास्तर.” परत येताना बायकोला तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

दारातूनच म्हणालो, “महानंदा, मापं गेली गं!”

ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. गळ्यात टेप, मांडीवर माझीच डिक्शनरी.

“न्हाई गेली. त्या तिघांनी अडकवून ठिवली हुती. सोडवली म्या.”

मी न वाचता उडवलेला एकेक निरोप तिने शब्द शोधून शोधून वाचला होता. दोन अँटिव्हायरस काढून टाकले होते, एक ठेवला होता आणि मापांची नक्कल वेगळ्या सीडीवर घेऊन ती कपाटात कुलपात ठेवली होती. खरं सांगतो, मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

“ठेवलास कुणाचा?”

“ज्यानं मला काम करू दिलं त्याचा.”

“आणि अप्पा? दाजी?”

तिने तिन्ही सीड्यांची डबडी कॉम्प्युटरच्या डोक्यावर ओळीने मांडली. “आल्यावर दिसतील की!” दिल्लीत बसवावी अशी बाई!

“बरं, पासवर्ड काय ठेवलास?”

“तुम्हाला कशाला? तुमचं येगळं खातं काढलंय. त्यात पत्ते हायत, खेळा.”

तेव्हापासून त्या कॉम्प्युटरला एकदाही काही झालेलं नाही. पत्त्यांत मात्र मी आता फार तयार झालो आहे!